वाकळ परत दिली का?



भाविक वाचकहो, श्रवणाचे माहात्म्य मी आपणांस नव्याने सांगावे असे काही नाही. नवविधा भक्तीत तिचा मान पहिला, आणि आपला संप्रदाय तर कानावरच उभा आहे. पण कीर्तनातले श्रवण आणि घरातले श्रवण यांत मला अलीकडे एक फरक दिसू लागला आहे. कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा असतो. मागे टाळकरी, बाजूला मृदंग, जवळ विणेकरी. त्याला मध्येच थांबवून 'महाराज, हे कसे?' असे कोणी विचारत नाही. विचारू नये अशी मर्यादाच आहे. शंका काढायची ती कीर्तनकारानेच, पूर्वपक्ष मांडायचा त्यानेच, आणि सिद्धांतही सांगायचा त्यानेच. आपणच काढलेल्या शंकेपुढे आपण कधी हरत नाही, ही त्यातली मोठी सोय! रात्री गोधडीत शिरून लेकराला पुस्तक वाचून दाखवणाऱ्याला ती सोय नसते.

माझी चाळीसहून अधिक वर्षे कीर्तनसेवा झाली. आता गळा साथ देत नाही आणि गुडघे दोन तास उभे राहू देत नाहीत, म्हणून गादी तरुणांच्या हवाली केली आहे. घरात मात्र नवी सेवा मिळाली. मुलगा आणि सून दिवसभर द्राक्षबागेत राबून थकलेले असतात, तेव्हा पहिलीत जाणाऱ्या नातीला निजवण्याचे काम माझ्याकडे. चित्रांचे, मोठ्या अक्षरांचे संतकथांचे एक पुस्तक आहे. रोज एक गोष्ट. मी वाचतो, ती चित्रावर बोट ठेवून ऐकते, आणि मधूनच 'आबा, थांबा' म्हणते. थांबावे लागते.

आमचे गाव निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे. इकडची थंडी आपल्यापैकी पुष्कळांना वर्तमानपत्रातून ठाऊक असेल. काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. त्याचे कारण साधे आहे. दिवसभर उन्हाने तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. आभाळात ढग असले तर ती ऊब थोडीफार अडते, निरभ्र असले की थेट निघून जाते. त्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की विचारूच नका. म्हणून ज्या रात्री चांदणे सर्वांत स्वच्छ, त्या रात्री काकडणेही सर्वांत जास्त. ढग म्हणजे पृथ्वीची वाकळच म्हणायची; ती निघाली की पृथ्वीसुद्धा कुडकुडते.

अशाच एका मार्गशीर्षातल्या रात्री जनाबाईच्या वाकळेची गोष्ट वाचायला आली. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती आहे, आणि फडाफडांतून ती आपण सर्वांनी ऐकली आहे. तरी पुढच्या बोलण्यासाठी थोडक्यात सांगतो. जनाबाई गंगाखेडची, पंढरीस नामदेवरायांच्या घरी दासी. एका रात्री पांडुरंग राऊळ सोडून तिच्या खोपटात आले. अंगावरचा शेला आणि गळ्यातले रत्नजडित पदक काढून ठेवले आणि जनीची वाकळ पांघरून निजले. पहाट झाली, काकड आरतीची वेळ आली. देव गडबडीने उठले आणि शेल्याऐवजी वाकळच अंगावर घेऊन राऊळात जाऊन उभे राहिले. पुजाऱ्यांनी दार उघडले तर देवाच्या गळ्यात पदक नाही, अंगावर ठिगळांची वाकळ! वाकळ कोणाची ते ओळखले, जनीच्या घरी झडती झाली, पदक तिथे सापडले. चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली. चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा केला, जनीने विठोबाला हाक मारली, आणि सुळाचे पाणी झाले.

इथे एक गोष्ट आडवाटेने सांगून घेतो. सूनबाईचे म्हणणे असे पडले की, एवढ्या लहान पोरीला झोपताना सुळाची गोष्ट नको, तेवढे पान उलटून टाका. तिच्या काळजीत चूक काही नाही. तरी मी ते पान गाळले नाही. सूळ गाळला तर त्याचे पाणी कशाचे होणार? लेकराला भय वाटू नये म्हणून आपण गोष्टीतले संकटच काढून टाकतो, आणि मग धावून आलेल्या देवाला करायला काही कामच उरत नाही. संकट सांगावे, त्यात रेंगाळू नये, आणि गोष्ट पुरी झाल्याशिवाय दिवा घालवू नये. एवढे पथ्य पाळले की पुरे. असो.

तर सुळाचे पाणी झाले, मी पुस्तक मिटले आणि दिव्याकडे हात नेला. तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, थांबा. मग तिची गोधडी तिला परत दिली का?"

मी म्हटले, "कोणाची?"

"जनाबाईची. देव घेऊन गेला ना? मग दुसऱ्या दिवशी रात्री ती काय पांघरून झोपली?"

आणि उत्तराची वाट न पाहता ती झोपूनही गेली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

माउली, ही कथा मी किती गावांतून लावली असेल त्याची मोजदाद नाही. सुळाचे पाणी झाले की श्रोते टाळी वाजवतात, म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात, मृदंग उचलून धरतो, आणि विठ्ठलनामाच्या गजरात कथा पुरी होते. वाकळेचे पुढे काय झाले, हे मला कुठल्याही गावी कोणी विचारलेले नाही. आता जरा त्या कथेकडे पोरीच्या बाजूने पाहा. पदक गेले तेव्हा राऊळ जागे झाले, गाव जागे झाले. शोध झाला, झडती झाली, न्याय झाला. पदक सापडले, ते राऊळात परत गेले. शेलाही परत गेला. आणि वाकळ? तिचाही त्या साऱ्या प्रकरणात उल्लेख आहे, पण कसा, तर चोर ओळखण्याची खूण म्हणून. पुरावा म्हणून तिला किंमत आली. कोणाचे तरी ते एकुलते पांघरूण आहे, अशी तिची किंमत त्या गर्दीत कोणी केली नाही. ज्याचे पदक हरवले त्याच्या राऊळात वस्त्रांना तोटा नव्हता. जिची वाकळ गेली तिच्या घरात दुसरी असण्याचा संभव थोडाच. आणि हरवल्याची ओरड मात्र पदकाची झाली.

शास्त्री मंडळी यावर म्हणतील, अहो, हा प्रश्न बालबुद्धीचा. वाकळ म्हणजे जन्मोजन्मीच्या वासनांची ठिगळे जोडून झालेली देहबुद्धी. ती देवाने स्वतःच्या अंगावर घेतली आणि आपले तेज जनीच्या घरी ठेवले. अशी वाकळ परत कशाला मागायची? हा भावार्थ गोड आहे. मीही तो सांगितला आहे आणि कोणी बोलावले तर पुन्हा सांगेन. पण रूपकाचे एक आहे, ते खऱ्या वस्तूच्या खांद्यावर बसून चालते. वाकळ खरोखर उबदार असेल, पौषातली रात्र खरोखर बोचरी असेल, आणि त्या रात्री दासीला दुसरे पांघरूण खरोखर नसेल, तरच देवाने ती घेण्याला काही अर्थ. खालची वस्तू काढून घेतली की वरचा भावार्थ पडतो. आपण वडीलधारी माणसे भावार्थावर चटकन जाऊन बसतो, कारण तिथे थंडी वाजत नाही.

दुसरा पूर्वपक्ष याहून बळकट आहे. तो गीतेचा आहे. भगवंत दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगतात की शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख हे इंद्रियांच्या स्पर्शातून येतात, येतात तसे जातात, ते तू सोस. मग जनीसारख्या भक्ताने एक रात्र थंडी सोसली तर त्यात शोक करण्यासारखे काय आहे?

यावर मी पुष्कळ विचार केला. गीतेचे ते वाक्य कोणाला उद्देशून आहे ते पाहा. ज्याला सोसायचे आहे त्याला, 'तू सोस' म्हणून, समोरासमोर सांगितले आहे. दुसऱ्याच्या अंगावरच्या थंडीकडे बोट दाखवून 'त्याने सोसावी' असे तिथे म्हटलेले नाही. तितिक्षा हे स्वतःच्या अंगावर घेण्याचे व्रत आहे. एकादशीचा उपवास मी करावा. शेजाऱ्याच्या चुलीवरचे भांडे उतरवून त्याला एकादशी घडवली, असे म्हणता येईल काय? शालजोडी पांघरून बसलेल्याने उघड्यावर कुडकुडणाऱ्याला तितिक्षा शिकवली तर शब्द गीतेचे राहतील, पण ती गीता राहणार नाही.

आणि आपल्या संप्रदायाने थंडीला खोटे कधी मानलेलेच नाही. पंढरीस हिवाळ्यात पांडुरंगाला उबदार वस्त्रे घालतात, शाल देतात, कानाला वारा लागू नये म्हणून पट्टी बांधतात. उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात. जो शीत-उष्णाच्या पलीकडचा, त्याला थंडी वाजेल म्हणून आपला जीव कळवळतो! याला कोणी अज्ञान म्हणेल. मी म्हणणार नाही. विटेवरच्या देवाला थंडी वाजते असे ज्याला मनापासून वाटते, त्याला वाटेवरच्या माणसाचीही थंडी दिसायला हवी, एवढीच माझी अपेक्षा. काकड्याला पहाटे जाताना पारावर पोत्यात गुरफटून झोपलेला मनुष्य ओलांडून आपण देवळात शिरतो, आणि आत देवाला शाल नीट बसली आहे ना ते पाहतो. दोन्हींत थंडी एकच आहे.

आमच्याकडे यातली गुंतागुंत रोज डोळ्यांसमोर असते. थंडी फार पडली की द्राक्षांच्या मण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी देतात, आणि धुराची ऊब घडांवर राहावी म्हणून धडपडतात. त्यांना नावे ठेवू नका. त्या घडांवर सोसायटीचे कर्ज असते, पोरांचे शिक्षण असते. माझेही घर त्यावरच चालते. पण त्याच बागेच्या कडेला पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसे लेकराबाळांसह पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली राहतात. पत्रा तर रात्री जमिनीहूनही गार पडतो. घडांसाठी शेकोटी पेटते, कारण घड हे आमचे पदक आहे. हरवले तर गाव जागे होते. त्या शेडमधल्या पांघरुणांची संख्या कोणी विचारलेली मी फारसे ऐकले नाही. नातीच्या प्रश्नानंतर मुलाला मी एवढेच म्हटले की, बाबा, एकदा मोजून तर ये. तो गेला, मोजून आला, आणि माळ्यावरच्या चार गोधड्या खाली उतरल्या. यात पुण्याचा हिशेब कोणी मांडू नये. त्या गोधड्या माळ्यावर उंदरांच्याच कामी येत होत्या.

आता खरी अवघड गाठ पुढे आहे. जनीची वाकळ देवाने परत करायला हवी होती, असे म्हणणे सोपे. पण जनीला ती परत हवी होती काय? जिच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते, तिच्याकडून देवाने काहीतरी घेतले, हाच तर तिचा सन्मान होता. ती परत आणून दिली असती तर तिचे देणे मोडले असते. गरिबाकडून काही घ्यावे की न घ्यावे? घेतले तर त्याचे उणे होते, न घेतले तर त्याचा अपमान होतो. वारीत चाललेल्या प्रत्येकाला हा पेच पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर मला कुठल्या ग्रंथापेक्षा वाटेवरच अधिक सापडले.

आषाढीच्या वारीत पाऊस असतो, पण जीवघेणी थंडी नसते. थंडीची वारी आमची, त्र्यंबकेश्वरची. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते, आणि त्यासाठी नाशिक, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून दिंड्या ऐन कडाक्यात पायी निघतात. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या ओवरीत, कधी उघड्या खळ्यावर. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वस्तीवर मुक्काम पडला. रात्री एक मोलमजुरी करणारी बाई दोन गोधड्या घेऊन आली. आमच्या मृदंगाचार्यांनी तिच्या पायांत काही नाही, अंगावर लुगड्याचा विटका पदर आहे, एवढे पाहिले आणि हात जोडून म्हणाले, "माउली, आम्हांला नको, तुम्हीच पांघरा." बाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "गरिबाचं आहे म्हणून चालत नाही का?"

आमचे विणेकरी वयोवृद्ध होते. त्यांनी उठून दोन्ही हातांनी गोधड्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि विचारले, "आई, घरी किती?" ती म्हणाली, "एक आहे." "माणसं किती?" "चौघं." त्यांनी एक तिच्या हाती परत दिली आणि म्हणाले, "ही तुमच्या लेकरांना, आमचा प्रसाद म्हणून. ही एक आम्हांला, तुमचा प्रसाद म्हणून." ती हसून गेली. ती एक गोधडी त्यांनी रात्रभर एका आजारी वारकऱ्याच्या अंगावर घातली. पहाटे काकडा व्हायच्या आत स्वतः उठले, गोधडी झटकली, चौघडी घातली, वर मूठभर तीळगूळ ठेवला, आणि एका पोराला म्हणाले, "आधी ही पोचती कर, मग आपण निघू." दिंडी अर्धा तास थांबली. विणा उचलला गेला तो पोरगा परत आल्यावर.

त्यांनी तिचे देणे मोडले नाही आणि तिला दुसऱ्या रात्री उघडीही ठेवली नाही. पहिल्या रात्री घेण्यात तिचा मान राखला गेला, पहाटे देण्यात तिचे अंग. पुढे कित्येक वर्षे आमच्या दिंडीत तो नेमच झाला. गावकऱ्यांची पांघरुणे पोचल्याशिवाय विणा उचलायचा नाही. नवी पोरे कधी कुरकुरतात की उशीर होतो. उशीर होतोच.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री नातीने पुन्हा तीच गोष्ट मागितली. मुलांचे असेच असते. आपल्याला रोज नवे लागते, त्यांना आवडलेले तेच पुन्हा लागते. नामस्मरणाला ती आपल्यापेक्षा जवळ असावीत. गोष्ट पुरी झाली, आणि मला वाटले की आता प्रश्न येणार. 'हो, देवाने वाकळ परत दिली,' असे एक वाक्य पदरचे घालणे सोपे होते. पोर सुखाने झोपली असती. पण संतचरित्रात पदरचे घालू नये ही आमच्या गुरुजींची शिकवण, मग ऐकणारा पाच हजारांचा समाज असो की साडेपाच वर्षांची पोर. मी सांगितले, "पुस्तकात ते लिहिलेलं नाही बाळ. तू असतीस तर काय केलं असतंस?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "दिली असती. पण धुऊन, वाळवून. ओली दिली तर तिला अजूनच थंडी वाजेल."

वाळवून द्यायची, हे मला सुचले नसते. विणेकरीबुवा असते तर पोरीच्या पाया पडले असते. त्यांच्या तोंडून वीसेक वर्षांपूर्वी ऐकले होते की, देणाऱ्याने हात पाहावा आणि परत करणाऱ्याने ऋतू पाहावा. तेव्हा त्याचा अर्थ विचारायला कोणी मुले जवळ नव्हती.

पौष वद्य एकादशी जवळ आली आहे. तिला षट्तिला म्हणतात. तिळाचे स्नान, उटणे, होम, तर्पण, भोजन आणि दान असे सहा प्रकार शास्त्राने सांगितले आहेत. माझे पाय आता त्र्यंबकपर्यंत जात नाहीत, पण दिंडी आमच्या दारावरून जाते. एका रात्रीचा मुक्काम आमच्याच गावच्या शाळेत असतो. वारकऱ्यांसाठी घरोघरची पांघरुणे गोळा होतील. कोणाच्या घरून किती आली ते लिहून घ्यायला दोन पोरे नेमली आहेत, आणि ज्या घरात मोजकीच आहेत तिथे मागायला जायचे नाही, पण कोणी आपण होऊन आणले तर परतवायचे नाही, एवढे त्यांना बजावले आहे. सूनबाई परवा तिळाचे लाडू वळायला बसणार आहे. शेडमधल्या बायकाही मदतीला येतो म्हणाल्या आहेत.